मदत हवी आहे: पाटण तालुक्यातलं 46 एकर खासगी रान तोडीपासून वाचवायला निधी कसा उभारायचा?

रानझरा:
कोयनेच्या खोऱ्यात 46 एकर सलग रान आहे. सातबारावर भावकीतली 11 नावं. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, मधे एक बारमाही झरा. ठेकेदाराने उभ्या लाकडाचे 9 लाख सांगितलेत, तोड दिवाळीनंतर. जमीनच घ्यायची तर मालक एकरी 6 लाख म्हणतात, म्हणजे 2 कोटी 76 लाख. आम्ही आठजण आहोत, ट्रस्ट नाही. लोकवर्गणी, सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामांचा निधी), ऑनलाइन निधी यातलं आधी काय करावं?

घाटमाथा:
ताई, खरेदी तूर्त डोक्यातून काढा. कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं: शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, ट्रस्टलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तुमच्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या नावावर घ्याल, तर लोकांच्या पैशातून त्याची खासगी जमीन झाली.

तुम्हाला गाठायचाय तो लाकडाचा भाव. तोडलेलं रान पुन्हा तोडीला यायला साधारण 12 ते 15 वर्षं जातात. 9 लाख भागिले 12, म्हणजे वर्षाला 75 हजार. तेवढे मालकांना न तोडण्याबद्दल द्यायचे. वाळलेलं सरपण, हिरडा, शिकेकाई, गुरांची वाट हे त्यांचे हक्क करारात जसेच्या तसे ठेवा, नाहीतर गावच विरोधात जाईल. पैसे दरवर्षी मार्चअखेर, रान फिरून पाहिल्यावर. पहिल्या वर्षी मात्र दोन हप्ते द्या, कारण समोर ठेकेदाराची रोकड दिसतेय.

हा करार भाडेपट्टा म्हणून केलात आणि तो एक वर्षाच्या वर असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागत नाही. वारसांवरही बंधनकारक, हे वाक्य हवंच.

रानझरा:
दादा, हा हिशोब सुचलाच नव्हता. पण राखणीचा खर्च वेगळा ना?

घाटमाथा:
वेगळाच. हद्द अंदाजे 2.4 किलोमीटर धरा. कारवी आणि गवत साफ करून तीन-चार मीटर रुंद जाळरेषा (वणवा अडवणारा मोकळा पट्टा) काढायला एक गडी दिवसाला 40 मीटर करतो, म्हणजे 60 मजूरदिवस. 500 रुपयांनी 30 हजार. गवत वाळलं की लगेच काढा, जानेवारीच्या पुढे ढकलू नका. आणि कापलेलं गवत रेषेवरच टाकून जाऊ नका, वणवा त्याच्यावरूनच आत येतो. फेब्रुवारी ते मे एक राखणदार, 12 हजारांनी 48 हजार. पहिल्या वर्षाचा जादा हप्ता सोडला तर सगळं मिळून वर्षाला 1 लाख 53 हजार. हजार रुपये देणारे 153 लोक लागतील. पावणेतीन कोटी मागणारं पत्रक लोक वाचतात आणि ठेवून देतात, हजार मागितले तर देतात.

हिशोबनीस:
पैशाच्या बाजूचं सांगतो. नोंदणी नसताना सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची 41क ची परवानगी घ्या, गणपती मंडळं घेतात तीच. पैसा कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका.

80जीची, म्हणजे देणगीवर करसवलत देणारी, पावती ट्रस्टला प्राप्तिकराची मंजुरी मिळाल्यावरच. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीतल्या पगारदाराला ती मिळतच नाही. तेव्हा पत्रकात तिचा गाजावाजा नको.

सीएसआरवर यंदा विसंबू नका. बाहेरच्या संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि सीएसआर-1 नोंदणी लागते. पुढेही प्रकल्प फार तर चार आर्थिक वर्षांचा, म्हणून त्यातून जाळरेषा, झाडांची मोजदाद असली कामं करावीत, मालकांचा हप्ता नाही. परदेशातल्या नातेवाइकांना सांगून ठेवा: परदेशी पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेणं गुन्हा आहे. त्यांचा भारतीय पासपोर्ट असेल तर गोष्ट वेगळी.

आणि ‘एक एकर दत्तक घ्या’ असं छापू नका. देणाऱ्याला मालकी मिळाल्यासारखं वाटतं, मग भांडणं.

जुना_फेरफार:
हे सगळं नंतर. आधी सातबाराचे ‘इतर हक्क’ बघा. 1975 च्या खासगी वने संपादन कायद्याने 30 ऑगस्ट 1975 पासून अशी बरीच रानं सरकारजमा झाली. तशी नोंद असेल तर मालकांना करार करायचाच हक्क उरत नाही. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन, आहे का तेही बघा. 11 पैकी 10 सह्या घेतल्यात तर अकरावा आपला अविभक्त हिस्सा ठेकेदाराला विकू शकतो. सगळ्यांच्या सह्या, नाहीतर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 ची वाटणी आणि पोटहिस्सा मोजणी.

मालक राजी असतील तर वन्यजीव कायद्याच्या 36सी खाली सामुदायिक राखीव क्षेत्राचा प्रस्ताव देता येतो. मालकी त्यांचीच राहते, जमिनीचा वापर मात्र समितीचा ठराव आणि शासनाच्या मंजुरीशिवाय बदलत नाही.

रानझरा:
‘इतर हक्का’त नुसता फेरफार (हक्कबदलाची नोंद) क्रमांक आहे, साल 1976, शाई पुसट. आणि तोडीला परवानगी लागतेच ना, मग ठेकेदार इतका निर्धास्त कसा?

जुना_फेरफार:
1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत हिरडा आणि जांभूळ आहेत, त्यांना परवानगी लागते. अंजन आहे, पण ते देशावरचं. आपली घाटातली अंजनी वेगळी, ती यादीत नाही. तुमच्या रानात जास्त तीच असणार.

1976 म्हणजे खासगी वने कायद्याच्या लगेच नंतरचं साल. त्या फेरफाराची प्रमाणित नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून सोमवारीच मागा. ती हातात येईपर्यंत कुणाकडून एक रुपयाही घेऊ नका.