टेपरला ‘उतार’ म्हणावं का?

ओळंबा: ऑटोकॅड या संगणकावर आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सपाट आकृती उंचावून घन करणारी ‘एक्स्ट्रूड’ कमांड आहे. त्यातल्या ‘टेपर अँगल’ला, म्हणजे घनाच्या बाजू किती आत झुकवायच्या त्या कोनाला, मी शिकवायच्या पुस्तिकेत ‘निमुळता कोन’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘उताराचा कोन’ केलं. उतार आपण आडव्या पातळीपासून मोजतो, टेपर उभ्या रेषेपासून. बाजू 10 अंश आत झुकवायची तर उतार 80 होतो. पाया 40 × 20 मिमी, उंची 30, आणि शिकणाऱ्याने 80 टाकले, तर पावणेदोन मिलिमीटरवरच लांब बाजू एकमेकींना भिडणार. मग काय लिहू?

गुण्या: उतार नकोच. पण कोन कसा निमुळता असेल? निमुळता असतो तो घन. ‘निमुळतेपणाचा कोन’ लिहा. नाहीतर ‘ढाळ’ आहे की, ढळणेवरून आलेला.

फाउंड्रीवाला: गच्चीला ढाळ द्या म्हटलं की गवंडी 100 ला 1 धरतो, अंशांशी त्याचा संबंध नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, या झुकावाला ‘ड्राफ्ट किती ठेवू?’ असंच विचारतात. वाळूत साचा उमटवायच्या लाकडी पॅटर्नला साधारण 1 ते 3 अंश, नाहीतर उचलताना वाळूची कड ढासळते. लेथवर टेपर. हे शब्द मराठीच आहेत आता.

गुण्या: रुळले म्हणून नवे घडवायचेच नाहीत का? वृत्तचिती (सिलिंडर), इष्टिकाचिती (विटेसारखा ठोकळा) शाळेत पोरं सहज म्हणतात.

फाउंड्रीवाला: शाळेत म्हणतात, शॉपफ्लोअरवर सिलिंडरच. शब्द कुठलाही घ्या, पण एक लिहाच: लेथवरचा टर्नर बरेचदा दोन्ही बाजू मिळून 20 अंश सांगतो आणि कंपाउंड स्लाइड, म्हणजे हत्यार सरकवणारा फिरता भाग, 10 वर फिरवतो. ऑटोकॅडला एका बाजूचे 10 हवेत.

ओळंबा: घेते. अधिक कोन आत, उणे कोन बाहेर, हेही घालते. काही सॉफ्टवेअरमध्ये उलटं असतं.

शंकुछेद: आधी प्रकरणाचं नाव बदला. ‘सूची (पिरॅमिड) काढणे’ चूक आहे. सूची म्हणजे सुई, टोक एकच हवं. त्याच 40 × 20 च्या पायाला चारही बाजूंनी 10 अंश दिले तर 56.7 मिमीवर टोक येत नाही, 20 मिमी लांबीचा आढा, म्हणजे माथ्यावरची आडवी कड, उरतो, चौपाखी कौलारू छपरासारखा. त्यापुढे उंची मागितली की कमांड अडते. 30 वर थांबलात तर वरचा चेहरा 29.42 × 9.42.

गुण्या: मग प्रकरणाला ‘सूचीछेद’ म्हणा, टोक कापलेल्या शंकूला शंकुछेद म्हणतात तसं.

शंकुछेद: तोही नाही. बाजू वाढवल्यावर एका बिंदूत मिळायला हव्यात. ओपनस्कॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या लिनिअर एक्स्ट्रूडमध्ये त्याच पायाला, उंची 30 ठेवून, स्केल (वरचा चेहरा पायाच्या किती पट) 0.5 दिलंत तर 20 × 10 चा वरचा चेहरा येतो, तो खरा सूचीछेद. पण तिथे एका जोडीचा कोन 18.4 अंश, दुसरीचा 9.5.

ओळंबा: म्हणजे स्केल आणि टेपर दोन्हींना ‘निमुळतं करणे’ लिहिलंय, तेही सोडवायला हवं.

फाउंड्रीवाला: चौरस पाया असेल तर दोन्ही एकच. ओपनस्कॅडमध्ये असा चौरस घन सिलिंडरला 4 बाजू देऊन काढतात. फक्त त्रिज्या कोपऱ्यापर्यंतची असते. 40 ची बाजू हवी तर 28.28 द्या, आणि 45 अंश फिरवा.

गुण्या: चार बाजूंच्या आकाराला सिलिंडर? बघा, ‘चिती’ इथे किती चपखल बसतं!