मदत हवी आहे: जुना पेंटियम ४ कॉम्प्युटर, सकाळी उठायला तयार नाही

मंडळी, पुण्याच्या जुन्या बाजारातून आठशे रुपयांत एक पेंटियम ४ उचलला. सॉकेट ४७८, डीडीआर १ रॅम. घरी आणून आधी गच्चीवर ब्लोअर मारला. आतून निघालेल्या धुळीत एक पाल होती, वाळलेली. असो.

सकाळी पहिल्यांदा सुरू केला की पंखे फिरतात, स्क्रीन काळीच. चार-पाच वेळा बंद-चालू केलं की उठतो आणि एकदा तापला की दिवसभर विंडोज एक्सपी मस्त चालते. रॅम काढून चालू केला तर बीप देतो, म्हणजे प्रोसेसर आणि बायोस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) जिवंत असावेत. बॅटरी नवीन टाकली, रॅमचे पाय खोडरबराने घासले, काही फरक नाही.

प्रोसेसरशेजारचे तीन कपॅसिटर मात्र डोक्यावर फुगलेत, एकाच्या तोंडाशी तपकिरी खपली आहे. ६.३ व्होल्ट, ३३०० मायक्रोफॅरड. एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) १२ व्होल्टची लाइन चालू मशीनवर ११.३ दाखवते; ५ टक्क्यांची सूट धरली तरी ११.४ हवेत.

आता आधी काय बदलू, एसएमपीएस की कपॅसिटर? बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारलं तर दुकानदार साधेच १००० मायक्रोफॅरडचे दाखवतो, "चालतंय हो" म्हणतो. मला लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले), १०५ डिग्रीवाले हवेत. पुण्यात खात्रीचे कुठे मिळतील? आणि बोर्डाच्या ग्राउंडचं कथील माझ्या २५ वॉटच्या सोल्डरिंग गनने वितळतच नाही, त्यावर काय करता?