भुताटकीची लेव्हल बनवतोय, पण कोणी घाबरतच नाहीये. सल्ला हवा

भित्रा_भागू
मंडळी, जीझेडडूमसाठी (जुना डूम गेम चालवणारं आजचं इंजिन) एक लेव्हल बनवतोय. बंद पडलेलं इस्पितळ, तळघर, शवागार, नेहमीचाच मालमसाला. नकाशा जवळपास झालाय. परवा मित्राला खेळायला बसवलं तर त्याने ११ मिनिटांत संपवली आणि मध्ये दोनदा जांभई दिली. प्रकाश सगळीकडे ४८ ते ६४ (२५५ पैकी) ठेवलाय, भिंतींवर रक्त आहे, २६ झॉम्बी आहेत, दर दोन खोल्यांमागे एक किंचाळी आहे. अजून काय घालू?
अटी: लॅपटॉप जुना, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. खर्च शून्य. हातात १२ दिवस, रोजचे दोन तास. इंजिन बदलणार नाही.

टर्बो_तात्या
अनरिअल ५ इंजिन घे. त्यातली ल्यूमेन ही प्रकाशयोजना चालू केली की उजेड-सावलीची कटकटच संपते. मी मागच्या वर्षी १६ जीबीचं कार्ड घेतलं, तेव्हापासून मागे वळून पाहिलं नाही. सध्या एकच कॉरिडॉर बनवतोय, चार महिने झाले, पण ओल्या फरशीवरचं प्रतिबिंब बघशील तर बघतच राहशील.

भित्रा_भागू
तात्या, इंजिन बदलणार नाही असं वर लिहिलंय.

टर्बो_तात्या
वाचलं रे. पण विचार कर.

आजोबा_४८६
४८ ते ६४ म्हणजे सगळीकडे एकच अंधार. दोन मिनिटांत डोळा सरावतो, मग तो अंधार राहत नाही, नुसता मळकट रंग होतो. आपण आकडा ० ते २५५ मध्ये लिहितो खरा, पण मूळ डूममध्ये पडद्यावर उतरतात त्या १६च पायऱ्या. पाच-दहाचा फरक करून उपयोग नाही. शेजारीशेजारी १९२ आणि ३२ ठेवून बघ.
सेक्टरला, म्हणजे नकाशाच्या एका तुकड्याला, स्पेशल ८ हा परिणाम लावलास तर उजेड श्वास घेतल्यासारखा कमीजास्त होतो, १७ लावलास तर विस्तवासारखा फडफडतो, १ लावलास तर ट्यूब शेवटचे आचके देतेय असं वाटतं. तिन्ही एका खोलीत लावू नकोस. मी १९९६ साली लावले होते, शवागाराचा डिस्को झाला होता.

झोपाळू_झॉम्बी
आजोबांशी सहमत. प्रकाश कमीजास्त ठेव, सगळीकडे सारखा नको. आणि धुकं घाल. सायलेंट हिल गेममध्ये धुक्यानेच वाट लागली होती सगळ्यांची.

कंपासपेटी
ते धुकं आधी हौसेने घातलेलं नव्हतं. १९९९चं प्लेस्टेशन, लांबचं काही काढायची ताकदच नाही, म्हणून धुक्याचा पडदा. नंतर त्याचं कौतुक झालं.

झोपाळू_झॉम्बी
कारण काही का असेना, माझी फाटली होती ना? मग झालं तर.

कंपासपेटी
इस्पितळाच्या आत धुकं कुठून येणार पण? असो. भागू, कॉरिडॉर किती रुंद आहेत?

भित्रा_भागू
२५६ युनिट. झॉम्बींना फिरायला जागा हवी म्हणून.

कंपासपेटी
खेळाडू ३२ रुंद आणि ५६ उंच. त्याच्या आठपट रुंदीचा बोळ? इस्पितळ आहे की धावपट्टी? ९६ कर, छत ७२वर आण. वळण असं ठेव की टोक दिसणार नाही. पलीकडून कोपऱ्यावर थोडा उजेड सांडू दे म्हणजे माणूस आपणहून तिकडे जातो. मी टाइल्ससुद्धा मोजून लावतो, ६४च्या पटीत, नाहीतर भिंत मध्येच कापल्यासारखी दिसते आणि सगळा मूड जातो. लोक टेक्स्चर (भिंतीवर चिकटवलेलं चित्र) जुळवत नाहीत, याचा मला मनापासून राग आहे.

बास_बॉस
कोणी आवाजाबद्दल बोललंच नाही! पार्श्वभूमीला १९ हर्ट्झचा सूर सोड. कानाला ऐकू येत नाही पण छातीत धडधडतं. मी सोडला होता, मेहुण्याला दरदरून घाम फुटला.

किर्र_रात्र
माणसाला साधारण २० हर्ट्झच्या वरचं ऐकू येतं, इथवर ठीक. पण लॅपटॉपचा स्पीकर १००च्या खालीच माना टाकतो, तो १९ काय वाजवणार? मेहुणे जिने चढून आले असतील.

बास_बॉस
माझ्याकडे १२ इंची सबवूफर आहे, लॅपटॉपच्या स्पीकरवर मी काहीच ऐकत नाही.

किर्र_रात्र
तुमच्याकडे आहे हो. खेळणाऱ्याकडे?
भागू, किंचाळ्या सगळ्या काढ. तिसऱ्या किंचाळीला माणूस आवाज कमी करतो, मग तुझ्या हातात काहीच उरत नाही. मी एका तळघरात पाण्याचा पंप घुरघुरत ठेवला होता, सुरुवातीपासून अखंड. पाचेक मिनिटांत तो ऐकू येईनासा होतो, आपल्या पंख्याचं होतं तसं. मग एका ठिकाणी रेषेवर पाय पडला की पंप बंद. पुढे काहीही येत नाही. बहिणीने तिथेच हेडफोन काढला आणि म्हणाली, "दादा, पुढचं तूच खेळ."

झोपाळू_झॉम्बी
किंचाळ्या काढ, +१. धुक्याचं मात्र बघ.

मुकी_घंटा
२६ झॉम्बी आणि हातात शॉटगन, म्हणजे ती गोळीबाराची लेव्हल झाली. बंदूक काढून घे. २०१० च्या ॲम्नीझिया गेममध्ये हत्यारच नव्हतं, पळा आणि लपा एवढंच. आणि अंधारावर फार विसंबू नकोस, निम्मे लोक गॅमा (पडद्याचा उजळपणा) वाढवून खेळतात. मी तीन आठवडे खपून काळोखी विहीर केली होती. पहिल्याच अभिप्रायात पठ्ठ्याने दुपार असल्यासारखे लख्ख स्क्रीनशॉट टाकले आणि वर लिहिलं, "विटा छान आहेत."

टर्बो_तात्या
ल्यूमेनमध्ये विहीर बघायला हवी होती तुम्ही.

आजोबा_४८६
एक राहिलं. डूमचं साधं दार चारेक सेकंदांत आपलं आपण बंद होतं. खेळणाऱ्याला त्याची इतकी सवय असते की तो मागे बघतही नाही. त्याच दाराच्या सेक्टरला टॅग (ओळखीचा नंबर) दे. पुढे कॉरिडॉरमध्ये, वळणाच्या पलीकडे, एक रेषा टाक, तिला तोच टॅग दे आणि नकाशा जुन्या डूम फॉरमॅटात असेल तर तिला प्रकार २ लाव. पाय पडला की मागचं दार उघडतं आणि उघडंच राहतं. मूळ खेळात आवाज १२०० युनिटांपर्यंत पोचतो, म्हणून रेषा हजारेक युनिटांवर ठेव. ऐकू येईल न येईल, इतपतच. परत जाताना दार सताड उघडं दिसतं. आत काही ठेवायचं नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तो ज्याचा त्याने आणायचा.

बास_बॉस
दाराचा आवाज सबवूफरवर भारी येईल.

कंपासपेटी
दाराच्या चौकटीच्या टेक्स्चरला लोअर अनपेग्ड ही खूण लावायला विसरू नकोस, म्हणजे ते जागच्या जागी राहतं. नाहीतर दाराबरोबर चौकटही वर सरकते. ते बघून मला रडू येतं.

भित्रा_भागू
(दहा दिवसांनी)
सगळ्यांचे आभार, लेव्हल टाकलीये. रागावू नका, बरंच उलटं केलंय. प्रकाश सगळीकडे २०८. अंधार नाही, धुकं नाही, पंपही नाही (सॉरी किर्र_रात्र, तसा लूप जमलाच नाही). रक्त पुसलं. झॉम्बी शून्य. कॉरिडॉर २५६च ठेवले, कारण इतका उजेड आणि इतकी रिकामी जागा बघून मलाच कसंतरी व्हायला लागलं. नुसतं स्वच्छ, चालू स्थितीतलं इस्पितळ, ज्यात कोणी नाही. दारं १४. त्यातलं एकच आजोबांचं.
त्याच मित्राला बसवलं. सातव्या मिनिटाला त्याला ते दार उघडं दिसलं. काही बोलला नाही. जवळ गेला, दाराचं बटण दाबलं, दार खाली येऊन पूर्ण टेकेपर्यंत तिथेच उभा राहिला. मग उरलेली लेव्हल भिंतीला पाठ लावून खेळला. २९ मिनिटं.

आजोबा_४८६
२०८ जरा जास्तच आहे. १७६ कर.

कंपासपेटी
खेळलो. नवव्या दाराची चौकट सरकतेय.

टर्बो_तात्या
अनरिअलमध्ये त्या दाराची सावलीपण पडली असती.