घडणावळीचे पैसे कोण देतो? पणजीतल्या उंची बॅगांच्या दुकानासाठी सल्ला हवा

मांडवीकाठ:
पणजीत हाताने शिवलेल्या चामडी बॅगांचं छोटं दुकान दिवाळीआधी सुरू होतंय. भाव १४,००० ते ४५,००० रुपये. गिऱ्हाईक चार तऱ्हेचं धरलंय: दिल्ली-मुंबईचे पर्यटक, आखातातून सुट्टीवर येणारे आपले गोंयकार, रशियन-युरोपीय आणि थोडे जपानी-कोरियन. लोगो बाहेर किती मोठा ठेवावा आणि सूट द्यावी का, हे ठरत नाही. "आपल्याकडे लोगो खपतो, गोऱ्यांना साधं आवडतं" एवढंच सांगू नका. कारण कळलं तर निर्णय घेता येईल.

टाका_धागा:
कारण सराफाच्या दुकानात सापडेल. तिथे आपण दोन आकडे विचारतो: घडणावळ किती, आणि मोडीला किती येतील. सोन्याचं वजन म्हणजे धन, घडणावळ म्हणजे बुडीत खर्च. युरोपातल्या जुन्या घराण्यांचा हिशेब बरोबर उलटा आहे. पॅरिसच्या हर्मेस या उंची बॅगांच्या कंपनीची सुरुवात १८३७ मध्ये घोड्यांच्या साजापासून झाली, आणि आजही त्यांचं गिऱ्हाईक पैसे मोजतं ते मुख्यतः हाताच्या कामाचे. म्हणजे एक समाज ज्याला खर्च म्हणतो, त्यालाच दुसरा मोल म्हणतो. लोगोचा प्रश्न यानंतरचा.

म्हणून घडणावळ डोळ्यांना दिसली पाहिजे. हाताच्या शिवणीतला खोगिराचा टाका दोन सुयांनी आणि एकाच मेणवलेल्या धाग्याने घालतात. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात. एक टाका तुटला तरी शेजारचे घट्ट राहतात. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा धागा फक्त एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की ओळ उसवत जाते. दोन्ही टाक्यांचे वीतभर नमुने गल्ल्यावर ठेवा, मधला एकेक टाका कापून. गिऱ्हाइकाला स्वतः ओढून बघू दे.

मोडीचा विचार करणाऱ्याला मात्र कागद लागतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) सक्तीचा झाला, तेव्हापासून आकडा पडताळून घ्यायची सवय वाढली आहे. प्रत्येक बॅगेच्या आत क्रमांक ठोका, तोच कार्डावर लिहा, आणि दुरुस्तीच्या व जुनी बॅग परत घेण्याच्या अटी मराठीत आणि इंग्रजीत छापा. जमेल तेवढंच कबूल करा. पाच वर्षं टाके फुकट घालून देणं परवडतं. परतफेडीचा मोठा आकडा पुढे गळ्याशी येतो.

बाजारचौक:
लोगोचं सांगतो. लुई व्हिटॉन या फ्रेंच बॅगवाल्यांचा मोनोग्राम (आद्याक्षरांची नक्षी) १८९६ चा, आणि तो नकला रोखायला काढलेला. खरेपणाची खूण होती, तीच पुढे मिरवायची खूण झाली. २०१० मध्ये अमेरिकी संशोधकांनी बॅगांचे भाव आणि लोगोचा ठळकपणा ताडून पाहिला, तेव्हा एकाच ब्रँडमध्ये महाग बॅगेवर लोगो लहान निघाला. ज्याला अनोळखी माणसाने ओळखावं असं वाटतं, तो मोठा लोगो घेतो. ज्याला आपल्याच वर्तुळातल्यांनी ओळखलं की पुरतं, तो शिवण आणि घाट बघतो. दोन्ही माणसं प्रत्येक देशात आहेत, प्रमाण तेवढं बदलतं. मॉर्गन स्टॅनली या अमेरिकी बँकेच्या अंदाजाने २०२२ मध्ये कोरियात उंची वस्तूंवर दरडोई सुमारे ३२५ डॉलर खर्च झाले, अमेरिकेपेक्षाही जास्त. तिथे चारचौघांत दिसणं मोलाचं आहे. स्वीडनमध्ये मिरवणाऱ्याकडे लोक जरा संशयाने बघतात.

पण तुमच्यासाठी खरा मुद्दा वेगळा आहे: तुमचा लोगो अजून कोणी ओळखत नाही. तो कितीही मोठा केला तरी मिरवणाऱ्याच्या उपयोगाचा नाही आणि साधं शोधणाऱ्याला खुपणार. आतल्या पट्टीवर १० ते १२ मिलिमीटरचा ठसा पुरे. बाहेरची ओळख घडणीतून द्या. इटलीच्या बोतेगा वेनेता ब्रँडची विणलेल्या चामड्याची बॅग नावाशिवाय ओळखू येते. तुम्ही कुणबी लुगड्याच्या लाल-पांढऱ्या चौकड्यांचं अस्तर लावा, पण ते हातमागाचंच हवं. छापील चौकडी लावलीत तर सगळंच खोटं ठरेल.

ठसा वनस्पतीजन्य, म्हणजे झाडांच्या सालीने कमावलेल्या चामड्यावरच नीट उठतो. क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्यावर तो काही दिवसांत फुगून पुसट होतो.

साळ_नदी:
गिऱ्हाईक देशापेक्षा निमित्ताने ओळखा. "स्वतःसाठी की भेट द्यायला?" हा पहिला प्रश्न. भेट असेल तर घेणाऱ्याचा मान सांभाळायचा असतो. जपानी माणूस खोक्याचा चेपलेला कोपराही चालवून घेत नाही. किमतीची चिठ्ठी काढा, चार वस्तूंचा संच देऊ नका, तिकडे चारचा आकडा अशुभ मानतात. रशियन घरांत रिकामं पाकीट भेट देणं अशुभ मानतात, आत एक नाणं टाका. आपल्याकडे आहेरावर रुपया ठेवतो, तसंच ते. मुस्लिम गिऱ्हाईक अस्तर डुकराच्या कातड्याचं नाही ना, हे विचारेल. जैन कुटुंबाला चामडंच नको, त्यांच्यासाठी जाड कॅनव्हासच्या दोन-तीन बॅगा असू द्या.

आणि गोव्याचा पावसाळा विसरू नका. वनस्पतीजन्य चामडं हाताळून काळपट मधाच्या रंगाचं होतं. जपानी आणि युरोपीय हौशींना ते मुरलेलं वाटतं, आपल्या बऱ्याच गिऱ्हाइकांना डाग वाटतो. नवी बॅग आणि वर्षभर वापरलेली तशीच बॅग शेजारी मांडा. भांडणं विक्रीआधीच मिटतील. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर जाते आणि ७० च्या वर बुरशी धरते. दुकानात ५० ते ५५ ठेवा, बॅगा प्लॅस्टिकमध्ये नको, सुती पिशवीत. पीयूचं (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचं) नकली चामडं याच दमटपणात विघटन होऊन सोलतं, म्हणून फर्स्ट कॉपी इथे लवकर उघडी पडते. ती विकायच्या फंदात पडू नका: ट्रेडमार्क कायदा १९९९ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड आहे.

मांडवीकाठ:
देव बरें करूं. लोगो आत गेला. पण मोसमाबाहेर दिल्लीवाले घासाघीस करणारच, तेव्हा काय?

टाका_धागा:
भाव हलवू नका. डिसेंबरमध्ये पूर्ण भाव दिलेल्याला जुलैचा भाव कळला की त्याची बॅग त्याच दिवशी स्वस्त होते. त्याऐवजी काम द्या: नावाची आद्याक्षरं पितळी ठशाने तिथल्या तिथे उठवून द्या, एक जादा पट्टा द्या, किंवा सहा महिन्यांनी तेल-मेण फुकट करून द्या. घासाघीस करणाऱ्याला काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असतं. ते मिळू दे, फक्त घडणावळीतून मिळू दे. आद्याक्षरांआधी अक्षरं कागदावर लिहून त्याची सही घ्या. चुकलेला ठसा चामड्यावरून निघत नाही.