मरान्स: पिसं आधी की अंडं आधी?

खुराडेवाला (नॉर्थ कॅरोलायना)
परसात 14 ब्लॅक कॉपर मरान्स आहेत, म्हणजे गडद चॉकलेटी अंड्यांसाठी नावाजलेल्या फ्रेंच जातीच्या कोंबड्या, काळ्या-तांबूस रंगाच्या. मागच्या वर्षी मुद्दाम भारीतला कोंबडा आणला, मानेवर तांब्याची झाक, छाती काळीभोर, पायावर पिसं, नारिंगी डोळे, बघतच राहावं असा. आता त्याच्या तलंगा (तरण्या लेकी) अंडी द्यायला लागल्यात तर रंग कसला, दूध जास्त झालेला चहा! आयांची अंडी चॉकलेटी होती राव. फ्रान्समधल्या मरान्स क्लबाची 1 ते 9 अशी रंगपट्टी आहे आणि 4 च्या खालचं अंडं ते मरान्सचं धरत नाहीत. मग 3 नंबरचं अंडं देणारी दिसायला कितीही राणी असली तरी मरान्स कशी? माझं मत स्पष्ट आहे, पिसांच्या नादाला लागूच नये.

तुर्रेबाज
साफ चूक. नुसतं गडद अंडंच पाहिजे तर बार्नेवेल्डर पाळा, वेल्समर पाळा. मी 3 पिढ्या फक्त अंडं बघून जोड्या लावल्या. काय मिळालं? माद्यांच्या छातीवर तांबूस बुरशी आल्यासारखा रंग (इथले लोक मॉसी म्हणतात), दोघींचे पाय पिवळे, आणि पिल्लं घ्यायला आलेला माणूस विचारतो ही कसली क्रॉस. अमेरिकेत ब्लॅक कॉपरला 2011 ला मान्यता मिळाली ती लोकांनी वर्षानुवर्षं पिसं निवडली म्हणून, अंड्यांचा ट्रे दाखवून नाही.

डेव्हनवाली
मग आमच्या इंग्लंडच्या मरान्सचं काय करायचं? इकडे पाय स्वच्छ, पिसं नाहीतच, आणि जास्त करून कुकू, म्हणजे करड्या पट्ट्यांच्या. फ्रान्समधल्या ला रोशेलजवळच्या मरान्स गावात बंदरातनं आलेल्या झुंजीच्या कोंबड्या, मग लँगशान ही चिनी जात, असं मिसळत मिसळत ही जात झाली. फ्रेंचांनी पायावरची पिसं ठेवली, इंग्रजांनी काढली, अंडं मात्र दोघांनी ठेवलं. आणि खरं सांगू, आमच्या चिखलात पिसांचे पाय म्हणजे घरट्यात चिखल, मग तुम्ही अंडं धुणार, आणि ओलं ताजं अंडं घासलं की वरचा रंगच निघून हातात येतो.

बारामतीकर
अडाणी प्रश्न, आपल्या कडकनाथचं अंडं काळं असतं का?

डेव्हनवाली
नाही हो दादा, कोंबडी आतनं बाहेरनं काळी, अंडं आपलं फिकट बदामी.

तुर्रेबाज
खुराडेवाले, एक विचारतो, आयांची अंडी कुठल्या महिन्यातली धरली? पिसं झडून नव्यानं सुरू होतात तेव्हा रंग सगळ्यात गडद, पुढं रोज अंडं देत गेली की फिकट होत जातो. तुम्ही आईचं पहिल्या आठवड्यातलं आणि लेकीचं चौथ्या महिन्यातलं समोरासमोर ठेवलं असेल तर कोंबड्यावर उगाच आळ.

खुराडेवाला
आयांचा फोटो पीसगळीनंतरचाच, मान्य. पण तलंगांची ही अगदी पहिली अंडी आहेत, हीच त्यांची सगळ्यात गडद असायला पाहिजेत ना? मग इथनं पुढं काय, पांढरी देणार? दोष कोंबड्याचाच. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतं म्हणतात, पण कोंबड्याच्या पोटात कसलं तांबडं आहे ते लेकी अंड्यावर आल्याशिवाय कळतच नाही, म्हणजे 7-8 महिने दाणा घालत बसायचं. विकणाऱ्याला मी तुरा विचारला, पिसं विचारली, हा स्वतः कुठल्या रंगाच्या अंड्यातनं निघाला ते विचारलंच नाही.

तुर्रेबाज
हां, ते विचारायलाच हवं होतं. पण मग दोष पिसांचा कुठं झाला? 14 पक्ष्यांत दोन्ही सांभाळायला गेलं की एक काहीतरी निसटणारच, निवडायला संख्या लागते. कोंबडा काढू नका. सगळ्यात गडद अंडं देणारी एकच आई त्याच्याबरोबर वेगळी कोंडा, तिचीच अंडी उबवायच्या मशीनला लावा, 30 तरी. त्यातला चांगल्या पिसांचा एक नर ठेवा आणि तो परत गडदवाल्यांवर सोडा.

खुराडेवाला
30 लावली तर निम्मे कोंबडे निघणार. एक ठेवला, बाकीच्यांचं काय?

तुर्रेबाज
तांबडा रस्सा.

खुराडेवाला
बायको शाकाहारी आहे हो. आणि मागच्या खेपेच्या चौघांना तिनं नावं ठेवलीत.