चौथ्या लाइनवाल्याला किती वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं?

सातरस्ता_गडी: एनएचएलच्या (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकी लीग) गेममधी मी जीएम (टीमचा मॅनेजर) आहे, चौथ्या लाइनचा (सगळ्यात कमी खेळणारी फॉरवर्डची तिकडी) ३१ वर्षांचा प्लेयर, मॅचला जेमतेम ९-१० मिनिटं खेळतो अन् ४ वर्षं मागायलाय. देऊ का बे?

पहाटे_मॅच: येडा का बे, २ च्या वर जाऊ नको! मॅचला १२ फॉरवर्ड उतरतात, हा बारावा-तेरावा, पाय जड झाले की बाहेर, अन् बायआउट केलं (पैसे देऊन कॉन्ट्रॅक्ट मधीच तोडलं) तर उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळ कॅपवर (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) लोंबकळत बसतात.

कडकभाकरी: वर्षं वाढवली की पगार कमी घेतो पण. लीगच्या मिनिमम पगाराच्या आसपास आसंल तर ३ दे, नाय जमलं तर वेव्हर्सवरनं (आधी बाकी टीमांना त्याला घ्यायची संधी देऊन) मायनरला (खालच्या लीगमधी) धाड, कॅप मोकळी.

सातरस्ता_गडी: २ च म्हणलो, एजंट रुसलाय 😅