गच्चीची चावी आणि या आठवड्याचे ढग

ब-३०४: सर्व सभासदांना नमस्कार. सोमवारी पहाटे दात वाजवणारी थंडी होती, मंगळवारी ढग दाटून उकडू लागले, काल रात्री विश्रामबागेत चांगला अर्धा तास पाऊस झाला आणि आज सोलरला साधे कोमट पाणीही नाही. घरात ऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत. ढगाळ दिवशी विजेचा हीटर लावावा, हे मी मागच्या वर्षीही लिहिले होते.

सचिव: वहिनी, आपली अडचण रास्त आहे. मात्र हीटरचे बिल सामाईक खात्यातून जाते आणि मागच्या सभेत त्याला विरोध कोणी केला, हे सर्वांना आठवत असेलच.

क-१०२: रोख माझ्याकडे असेल तर स्पष्ट लिहावे. माझा विरोध हीटर दिवसभर सुरू ठेवण्याला होता.

अ-२०१: गच्चीची चावी कोणाकडे आहे? आमच्या दोन गाद्या काल रात्रीपासून वर भिजत आहेत.

ड-१०४: आकाश निरभ्र असले की जमिनीची ऊब रात्री निघून जाते, म्हणून पहाटे गारठा पडतो, ढग आले की तीच ऊब पांघरुणाखाली राहावी तशी अडकते. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की कोरड्या हवेत बाष्प येते आणि कार्तिकातही पाऊस पडतो. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये फयान वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले होते, ते आठवावे.

ब-१०१: सर, माहितीबद्दल आभार. असा पाऊस म्हणजे गरम भज्यांचा बेत झालाच पाहिजे!

क-३०१: भज्यांचा बेत करणाऱ्यांना हात जोडून सांगतो की तासगावला माझ्या भावाची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात छाटलेली बाग आत्ता फुलोऱ्यात आहे आणि फुलोऱ्यातल्या घडात पाणी साचले की घडकूज होते, पाने ओली राहिली की दावण्या हा बुरशीचा रोग येतो. काल पाऊस थांबल्यावर तो बॅटरीच्या उजेडात ट्रॅक्टरचा ब्लोअर फिरवून घडांवरचे पाणी झाडत होता आणि पहाटे पुन्हा फवारणीला उभा राहिला. औषधाचा खर्च तर झालाच, पण पुढचे चार दिवस ढग हटले नाहीत तर हाताशी काय लागेल, हे त्यालाही सांगता येत नाही.

ब-१०१: दादा, मनापासून क्षमस्व. माझ्या ध्यानात आले नाही.

अ-४०३: सर्वांच्या भावनांचा आदर राखून लिहिते की गच्चीतल्या पाण्याच्या तोंडाशी पाने अडकली आहेत, वर तळे साचले आहे आणि आमच्या देवघराच्या छताला ताटाएवढी ओल आली आहे. पावसाळ्यापूर्वी सफाईचे पैसे दिले होते, ते काम झाले का?

सचिव: ताई, काम झाले होते, त्यानंतर पुन्हा पाने पडली.

अ-२०१: म्हणूनच विचारतो, गच्चीची चावी कोणाकडे आहे?

क-१०२: हीटर पहाटे चार ते सहा लावावा आणि सोलर तापू लागले की बंद करावा. यालाही माझा विरोध असल्याचे कोणी लिहू नये.

सचिव: ठीक आहे. ढग असेपर्यंत तसेच करू. सफाईही आजच होईल. चावी वॉचमनकडे आहे.

अ-२०१: काका, मी आत्ताच खाली जाऊन आलो. चावी त्याच्याकडे नाही.